आधी कॉम्प्युटर, मग पेटी

९ जानेवारी

दादा,

नमस्कार लिहीत नाही. लिहिला तर तू पाय मागे घेशील. फोन तू उचलत नाहीस, उचललास तर माझा आवाज ओळखून ठेवून देतोस. पत्राचं तसं नाही. बंद वस्तू उघडून बघितल्याशिवाय तुला चैन पडत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

मी जिवंत आहे. तीन वर्षांत तू आईला एकदा तरी विचारलं असशील, नसशील. इथे खोक्यांच्या कारखान्यात आहे. पुठ्ठा येतो, प्रेसखाली कापला जातो, दुमडतात, चिकटवतात. सगळीकडे पुठ्ठ्याची भुकटी. नाक शिंकरलं तरी खाकी निघतं. आलो तेव्हा गठ्ठे उचलायचो. प्रेस पायपट्टीवर चालायची, माणसाने पाय मारायचा, मग पातं खाली. मालक दिवसभर ओरडायचा, पाय चालवा, पाय चालवा. एक दिवस मी म्हटलं, ही मी कॉम्प्युटरवर चालवून दाखवतो. मालक म्हणाला, "तुला स्वतःची सही तरी धड येते का?" मी म्हटलं, "सही तुम्ही करा मालक, प्रेस मी चालवतो."

भंगारातून एक जुना कॉम्प्युटर उचलला. नवा चालत नाही, नव्याला मागे प्रिंटरचं ते पंचवीस भोकांचं तोंडच नसतं. त्या तोंडातून आठ तारा बाहेर काढल्या, तू दुकानाच्या पाटीवरच्या पळत्या दिव्यांसाठी काढायचास तशाच. एकेका तारेवर एकेक रिले, विजेने चालणारा खटकाच तो, सगळे एका पत्र्याच्या पेटीत. कॉम्प्युटर बिचारा समजतो आपण प्रिंटरला अक्षरं पाठवतोय, आणि इकडे टक् करून हवेचा वाल्व उघडतो. पहिली तार पट्टा पुढे सरकवते, दुसरी पुठ्ठा दाबून धरते, तिसरी पातं खाली आणते. पहिल्यांदा चालली तेव्हा सगळे कामधाम सोडून बघत उभे राहिले.

हो, तुझी ती तारांच्या जोडणीच्या नकाशांची वही माझ्याकडे आहे. कपाट रिकामं दिसलं तेव्हा तुला कळलंच असेल. चोर म्हणायचं तर म्हण. तू मला सातवीतून काढलंस, दुकानात खाली बसवलंस आणि स्वतः डिप्लोमा केलास. मग वहीवर हक्क कोणाचा, ते तूच ठरव. तुझा डिप्लोमा तिकडे भिंतीवर टांगलाय आणि माझी पेटी इकडे रोज चार हजार खोकी कापते.

आई सांगत होती, तंत्रशाळेत तुला शिकवायला घेतलंय, उन्हाळ्यानंतर कायम करणार. बरं झालं. दुकानात तसंही कोण येत होतं? पोरांना सांग, माझा एक धाकटा भाऊ आहे, ढ, पण हात चालतो.

प्रेसवर एक जण आहे. पन्नाशीचा, काटकुळा. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारतो की कारखान्याच्या त्या टोकाचा माणूस मान वर करतो, म्हणून त्याचं नावच शिट्टी. मला इंजिनेर म्हणतो, आणि म्हणताना जीभ बाहेर काढतो. पहिल्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा हा म्हणाला, "इंजिनेर, चालते ते बघितलं. थांबते कशी ते दाखव." थंडीत मला त्याने त्याची घोंगडी दिली. परत मागितली नाही, मीही दिली नाही.

एकच कटकट आहे, तुझा तो राखणदार. आठवी तार सारखी धडधडत राहिली तरच मुख्य रिले चिकटून राहणार, कॉम्प्युटर जरा कुठे अडखळला की सगळी पेटी मेली. हा जुना खटारा दिवसातून दहा वेळा अडखळतो. दहा वेळा प्रेस बंद, दहा वेळा मालकाची बोलणी. तुझ्या दिव्यांना ठीक होतं. कारखान्यात असले लाड परवडत नाहीत. त्याचं काय करायचं ते मी बघतो.

आईला सांग, खातोपितो.


२ मार्च

दादा,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं.

इथे एक गोष्ट झाली. आईच्या कानावर दुसरीकडून जाण्याआधी तुला सांगतो. गेल्या मंगळवारी सकाळी शिट्टीचा हात प्रेसमध्ये गेला. उजवा. अंगठा राहिला, बाकी चार बोटं गेली.

चूक त्याची. आदल्या दिवशीचे पुठ्ठ्याचे तुकडे पात्याखाली अडकून राहतात, ते सकाळी काढावे लागतात. त्यासाठी लाकडी दांडका आहे, प्रेसशेजारीच टांगलेला. पण हा हातानेच काढतो. सगळेच हाताने काढतात, दांडक्याने कोपऱ्यातले निघत नाहीत. पण नियम तो नियम. तेवढ्यात कॉम्प्युटर सुरू झाला, आणि तुला माहीत आहे, सुरू होताना तो प्रिंटर शोधतो. आठही तारा दोन-चार वेळा फडफडतात. तिसरी फडफडली.

आवाज फार नाही झाला. पुठ्ठा कापताना होतो त्याहून कमीच. शिट्टी ओरडलाही नाही. हाताकडे बघून म्हणाला, "अरे, हे काय." एवढंच. दारात कोणाची पिशवी पडलेली दिसावी तसं.

मालकाने त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी परत आल्यावर आम्हा सगळ्यांना उभं करून म्हणाला, "त्याने हात घातला, नियम मोडला. कोणी विचारलं तर हेच." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.

पेटी अगदी तुझ्या वहीतल्यासारखी आहे. तेव्हा तुला काळजी नको.


११ मार्च

दादा,

काळजी करायला लागेल असं दिसतंय.

परवा सरकारी तपासणीवाला आला. बुटका, चष्म्याला दोरी. मालकाने खुर्ची पुढे केली, तो बसला नाही. प्रेसभोवती तीन फेऱ्या मारल्या, पायपट्टी बघितली, म्हणाला, "ही तर काढून ठेवलेली आहे. मग पातं खाली आणलं कोणी?" मालक म्हणाला, त्याने हात घातला ना. साहेब म्हणाला, "हात घातल्याने पातं खाली येत नाही. हात घातल्याने हात तुटतो. पातं कशाने आलं ते सांगा."

मग त्याने मला पेटी उघडायला लावली. आत बघून म्हणाला, "कॉम्प्युटर सुरू होताना या तारांवर काय येईल याचा भरवसा नसतो, हे ज्याने केलं त्याला माहीत नव्हतं का? तेवढ्यात पेटी अडवून धरणारं काही आहे का यात?" मी म्हटलं, नाही. "का नाही?" मी म्हटलं, "नकाशात नव्हती." तोंडातून गेलं आणि मग मागे घेता येईना. "नकाशा कोणाचा?" मी तुझं नाव सांगितलं. तंत्रशाळेत शिकवतो म्हटल्यावर त्याने चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा विचारलं, कुठल्या शाळेत. पत्ताही लिहून घेतला.

तर आता असं आहे. तो तुला पत्र पाठवणार. तू लेखी कळवायचं आहेस की नकाशा तुझा आणि त्यात राखणदार नव्हता. एवढंच. दोन ओळी.

तुझ्या वहीत तो आहे, हे मला ठाऊक आहे. पान सतरा, लाल शाईने चौकट, खाली लिहिलंय, 'आधी कॉम्प्युटर, मग पेटी. बंद करताना आधी पेटी, मग कॉम्प्युटर. राखणदार काढायचा नाही.' आहे नाही, होता म्हणायला हवं, कारण आता ते पान नाही. शेगडीत गेलं.

तू म्हणशील, मग पेटीत राखणदार का नाही. होता. जानेवारीत मी त्याच्या दोन टोकांवर वायरीचा तुकडा टाकून त्याला डायरेक्ट केलं, म्हणजे असून नसल्यासारखा. दोन बोटं लांबीची वायर. प्रेस बंद पडायची थांबली, मालकाने सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली. मग ज्या दुपारी मालक शिट्टीला घेऊन दवाखान्यात होता, त्या दुपारी मी वायर काढली आणि राखणदारही काढला, मुळासकट. भोकांवर पट्टी चिकटवली. आता तो तिथे कधी होता असं वाटतही नाही. सोल्डरिंग तूच शिकवलंस, सफाईत मी तुझ्या वर आहे.

साहेबाचं पत्र आलं की लगेच उत्तर दे. रेंगाळू नको.


१९ मार्च

दादा,

आईशी बोललो. साहेबाचं पत्र तुला पोचून चार दिवस झाले म्हणाली. तू ते वाचलंस, घडी करून खिशात ठेवलंस आणि जेवायला बसलास. वहिनीने विचारलं कशाचं पत्र, तर म्हणालास, शाळेचं.

म्हणजे विचार करतोयस. कर. पण विचार करताना सगळं समोर असू दे, म्हणून मी मांडून देतो.

तू खरं लिहू शकतोस. राखणदार नकाशात होता, धाकट्याने काढला. तुझ्याकडे वही नाही, पण तुझा शब्द पुरेसा आहे, तू शिकलेला माणूस. मग मला आत घेतील. मालक आनंदाने हात झटकेल. आईला तू सांग, माझ्याच्याने होणार नाही. तिला सांगताना तिच्या हातात काही गरम भांडं नाही ना, तेवढं बघ.

तू काहीच लिहिलं नाहीस तर मालक म्हणतो ते खरं ठरेल. शिट्टी निष्काळजी. कामावरून कमी. डाव्या हाताने अजून त्याला सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, मी बघितलंय. परवा दवाखान्यात गेलो होतो तर डाव्या हाताची दोन बोटं तोंडात घालून फुंकत होता. नुसती हवा येत होती. मला बघून म्हणाला, "इंजिनेर, हे तोंड उजवंच आहे रे, डाव्या हाताने वाजतच नाही." शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला. मीही हसलो.

आणि तू दोन ओळी लिहिल्यास तर दोष नकाशाचा. शिट्टीला उपचार मिळतील, गेटवर बसायचं काम मिळेल, साहेबाने तसं मालकाकडून कबूल करून घेतलंय. मी सुटतो. फक्त तुझी ती कायम व्हायची नोकरी. तंत्रशाळेला चुकीचे नकाशे काढणारा मास्तर नको असणार, हे मलाही कळतं. पण तुझं दुकान आहे. वहिनीची शिवणाची मशीन आहे. तुम्ही काही रस्त्यावर येणार नाही.

आता तू म्हणशील, मी का घ्यावं अंगावर. तर ऐक. तू एकदा घेतलं आहेस.

मला तू सातवीतून काढलं नव्हतंस. मीच पुस्तकं विहिरीत टाकली होती. तू हेडमास्तरांसमोर हात जोडून उभा होतास, त्याला अजून एक वर्ष द्या म्हणत होतास, आणि मी बाहेर खिडकीखाली बसून ऐकत होतो. घरी येऊन आईला काय सांगितलंस? 'दुकानात हाताखाली माणूस हवा होता, मीच काढलं त्याला.' का, तर तिने मला मारू नये म्हणून. आईने तुझ्याशी महिनाभर अबोला धरला. मी तुझ्याच ताटाशेजारी बसून जेवत होतो, तोंडातून शब्द काढला नाही. पुढे तर मलाच ते खरं वाटायला लागलं. भांडणात तुझ्या तोंडावर फेकायचो आणि तू खाली मान घालून रिले साफ करत बसायचास. एकदाही म्हणाला नाहीस, की हरामखोरा, तूच टाकली होतीस ना पुस्तकं.

म्हणून मला माहीत आहे तू काय लिहिणार. तुला सवय आहे. सवय लावली कोणी, ते जाऊ दे.

आणि २ मार्चच्या पत्रात एक लिहायचं राहिलं. कॉम्प्युटर सुरू झाला असं लिहिलं होतं. तो आपोआप होत नाही. बटण मी दाबलं. पेटी आदल्या संध्याकाळपासून चालूच होती, बंद करायचा मला कंटाळा आला होता. हवेची टाकीही मीच भरून ठेवली होती. शिट्टी वाकलेला दिसत होता. हात आत आहे हेही दिसत होतं. मला वाटलं, सुरू व्हायला त्याला वेळ लागतो, तोवर काढेल. तुझं पान सतरा मला तोंडपाठ आहे, दादा. न शिकलेल्या माणसाने केलेली चूक नाही ही.

हे साहेबाला दाखवायचं असेल तर पत्र तुझ्या हातात आहे. दाखव. मी इथेच आहे, पळून जाणार नाही. पण तू दाखवणार नाहीस.


८ एप्रिल

दादा,

तुझं पत्र साहेबाकडे आलं. मालकाच्या खोलीत त्याने मोठ्याने वाचलं. 'पेटीचा नकाशा माझा आहे. त्यात संरक्षणाची सोय असायला हवी होती. ती मी ठेवली नव्हती. माझ्या भावाने नकाशाप्रमाणे काम केले, त्याचा दोष नाही.' खाली सही, तीच, शेवटचं अक्षर ओढून नेलेली.

मी साहेबाला विचारलं, पाकिटात आणखी काही आहे का. म्हणाला, काय असायला हवं? मी म्हटलं, चिठ्ठी वगैरे, माझ्या नावाची. त्याने पाकीट उलटं करून झटकलं. काही पडलं नाही.

मग मालक म्हणाला, बघा साहेब, आमचा माणूस शंभर टक्के बरोबर होता, आणि पुन्हा माझ्या पाठीवर थाप मारली. आता मला प्रेसचा मुख्य केलंय. दोन नव्या प्रेस घेतल्यात, त्यांच्या पेट्याही मीच बनवणार. राखणदारासकट. साहेबाची तशी अटच आहे. मालकाने विचारलं, जमेल का? मी म्हटलं, बघू, डोकं लढवतो. नकाशा मला डोळे मिटून काढता येतो.

आई म्हणाली, तंत्रशाळेने तुला कळवलं. मुलांचा निरोप घ्यायलाही वर्गात सोडलं नाही म्हणे. तू घरी येऊन दुकानाचं शटर उघडलंस, झाडलंस आणि बसलास. आई रडत होती. तिला वाटतं तू नकाशा चुकवलास आणि कोणा गरिबाचा हात गेला. म्हणाली, "एवढा शिकला आणि असा कसा रे चुकला हा. तू सांभाळून राहा बाबा." मी हो म्हटलं.

काल मालकाने मला शिट्टीकडे पाठवलं, निकाल वाचून दाखवायला. त्याला घरी सोडलंय. एक खोली, खिडकीखाली खाट, भिंतीला एक आरसा. बायको दार लावून बाहेर जाऊन बसली. गेटच्या कामाचं सांगितलं. म्हणाला, "बसायचंच ना? ते येतं मला." मग विचारलं, "चूक कोणाची निघाली?" मी तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग कागद डाव्या हातात घेऊन उजेडाकडे धरला.

"अक्षर छान आहे. तुझा सख्खा का?"

"सख्खा."

"त्याची नोकरी?"

"गेली."

त्याने कागद खाटेवर ठेवला. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर तुला त्याही कळवल्या असत्या. मग म्हणाला, "इंजिनेर, कागद काढ. मी सांगतो ते लिही. हे असं कबूल करणारा माणूस मी बघितला नाही कधी. तो तिकडे जेवत नसेल."

त्याने सांगितलं तसं लिहून घेतलं. एक शब्द माझा नाही. 'भाऊ, हात गेला तो गेला. तुम्ही मुद्दाम केलं नाही. दुसरा असता तर माझ्यावर ढकलून मोकळा झाला असता. तुम्ही खरं बोललात, म्हणून मला गेटवर जागा मिळाली. तुमच्या धाकट्याला रागवू नका, तो माझ्याकडे येतो, औषध आणून देतो. जेवत जा. मी तुम्हाला माफ केलं आहे.'

सही कशी करायची म्हणाला. मी त्याच्या उजव्या अंगठ्याला शाई लावली. तेवढंच राहिलंय त्या हाताला. त्याने तो कागदावर नीट दाबला, हलू नये म्हणून मी मनगट धरलं होतं.

कागद सोबत जोडला आहे. घडी अंगठ्यावर पडू नये म्हणून पाकीट मोठं घेतलं. तुझ्या नावाने आहे, तुलाच पोचला पाहिजे, म्हणून पाठवतो.